वाचक विचारतात : अ‍ॅल्युमिनियम वितळतं, त्याची कातडी वितळत नाही

गेल्या दोन महिन्यांतली पत्रं उघडून बसले, तर निम्म्याहून अधिक अ‍ॅल्युमिनियमच्या सांध्यांबद्दलची निघाली. माझी 29 वर्षं टिगचा (टंगस्टनच्या टोकावरून विजेची आर्क काढून करायचं वेल्डिंग) टॉर्च धरण्यात गेली आणि त्यातली बहुतेक याच धातूवर, त्यामुळे वाचताना हात नुसते शिवशिवत होते. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. काहींना चार ओळींत उत्तर पुरलं, काहींना पुरलं नाही.

स्टीलच्या वेल्डिंगची मला चांगली सवय आहे. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घेतला की बराच वेळ काहीच होत नाही, आणि मग एकदम भोक पडतं. माझं काय चुकतं?

तुम्ही स्टीलची वाट पाहता आहात, आणि समोर दुसरीच वस्तू आहे.

अ‍ॅल्युमिनियम कापलं किंवा घासलं की हवा लागताच त्यावर ऑक्साइडची कातडी धरते. ती 2 ते 4 नॅनोमीटर जाड असते, डोळ्यांना दिसत नाही. आतला धातू 660 अंशांना वितळतो, पण ही कातडी वितळायला 2,000 अंशांच्या वर जावं लागतं. म्हणजे आत धातूचा रस झालेला असतो आणि वरून तो पिशवीत बांधल्यासारखा राहतो. दोन तुकड्यांच्या कडा शेजारी वितळलेल्या दिसतात, पण एकमेकींत मिसळत नाहीत. मग आपण करंट वाढवतो आणि पिशवी फाटून सगळा रस खाली जातो. तुमचं भोक ते हेच.

म्हणून टिगवर अ‍ॅल्युमिनियमसाठी मशीन एसीवर, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेवर ठेवायचं. ज्या अर्ध्या आवर्तनात टंगस्टन धन बाजूला असतो, तेव्हा आर्क ती कातडी उचकटून टाकते. दुसऱ्या अर्ध्यात टंगस्टन ऋण होतो आणि उष्णता जॉबमध्ये (जोडायच्या वस्तूत) उतरते. एका वेळी सफाई, एका वेळी ताप, असं सेकंदाला शंभरावर वेळा चालतं. नव्या मशीनवर बॅलन्सची कळ असते. मी साधारण 70 टक्के वेळ ऋण बाजूला देते. सफाईचा वाटा फार वाढवला तर टंगस्टनचं टोक तापून गोळा होतं आणि जॉब थंड राहतो. वेल्डच्या दोन्ही कडांना बर्फ साचल्यासारखी पांढुरकी पट्टी दिसली, तर सफाई नीट चालली आहे असं समजा. मिगमध्ये, म्हणजे सतत पुढे सरकणाऱ्या तारेच्या वेल्डिंगमध्ये, हा प्रश्न येत नाही, कारण तिथे तार कायम धन असते आणि ती तशीही वितळवायचीच असते.

दुसरी गोष्ट उष्णतेची. अ‍ॅल्युमिनियम साध्या स्टीलच्या चौपट ते पाचपट वेगाने उष्णता पसरवतं. सुरुवातीला तुम्ही दिलेला ताप सगळा पत्रा पिऊन टाकतो. पत्रा एकदा तापला की तोच करंट जास्त होतो. म्हणून पायाचं पेडल सुरुवातीला दाबायचं, वितळलेल्या धातूचं डबकं तयार झालं की फिलर (सांध्यात भरायची कांडी) घालत पुढे सरकायचं आणि पाय हळूहळू उचलत जायचं. अंदाजासाठी 1 मिलिमीटर जाडीला 40 अँपिअर धरा. 3 मिलिमीटरच्या पत्र्याला 120 होतात, आणि शेवटच्या वितीभर अंतरात मी 90 पर्यंत उतरलेली असते.

तिसरी गोष्ट मला शिकवायला सगळ्यात अवघड जाते. स्टील लाल होऊन, मग पिवळं होऊन सांगतं की आता वितळणार. अ‍ॅल्युमिनियम उजेडात रंग न बदलताच वितळतं. त्यामुळे रंग बघायचाच नाही, चकाकी बघायची. पृष्ठभाग आधी मंद असतो, मग आरशासारखा चमकून ओला दिसतो. तो क्षण आला की फिलरचा थेंब द्यायचा. शिकाऊ मुलांना मी पहिले दोन दिवस फिलर हातातच देत नाही. नुसतं डबकं करायचं आणि पुढे न्यायचं. तो ओला आरसा एकदा डोळ्यांत बसला की बाकीचं हाताला जमतं.

पॉलिश करून आरशासारखं स्वच्छ केलं, तरी वेल्डमध्ये बारीक बारीक छिद्रं येतात. गॅस शुद्ध आर्गॉनच आहे.

ही छिद्रं हायड्रोजनची. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम जेवढा हायड्रोजन पोटात धरतं, त्याच्या सुमारे विसाव्या हिश्शाएवढाच घट्ट झालेलं धरू शकतं. रस थिजताना उरलेला वायू बाहेर पडायला धडपडतो आणि अर्ध्या वाटेत अडकतो. हायड्रोजन येतो पाण्यातून, तेलातून, ग्रीसमधून, बोटांच्या घामातूनसुद्धा. ऑक्साइडची कातडीही दमट हवेतली ओल धरून ठेवते.

तुमच्या पत्रात ‘पॉलिश’ हा शब्द आहे, तिथेच मला शंका आली. पॉलिशच्या लादीत मेण आणि चरबी असते. बफ मारला की ती मऊ धातूत चोळली जाते. वरून चमक, आतून तेल. ग्राइंडरच्या साध्या दगडाचंही तसंच आहे. दगडाचे कण धातूत रुततात आणि दगड स्वतः भरून जातो. कार्बाइडचा बर (फिरतं कापणारं टोक) किंवा अ‍ॅल्युमिनियमसाठीची फ्लॅप डिस्क वापरा.

क्रम महत्त्वाचा. आधी अ‍ॅसिटोनने पुसायचं, ते पूर्ण उडून जाऊ द्यायचं, आणि मग स्टेनलेस स्टीलचा ब्रश मारायचा. उलटं केलंत तर ब्रशने तेल ओरखड्यांत भरलंत. ब्रश फक्त अ‍ॅल्युमिनियमसाठीच वेगळा ठेवायचा. माझ्या ब्रशच्या मुठीला निळी पट्टी आहे, आणि तो कुणी लोखंडावर मारला तर त्या दिवसापासून तो लोखंडाचाच होतो. फिलरची कांडीही पुसा. पांढरं फडकं अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून कांडीवरून ओढलंत की ते काळं होतं, आणि तो काळेपणा एरवी तुमच्या वेल्डमध्ये गेला असता. थंड जागेतून आत आणलेला जॉब लगेच हातात घेऊ नका, त्यावर दव धरतं. आणि आज घासून ठेवलेला जॉब उद्या पुन्हा घासा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. सफाईसाठी ब्रेक क्लीनर वापरू नका. त्याच्या काही प्रकारांत क्लोरीन असलेली द्रावणं असतात, आणि आर्कच्या अतिनील किरणांत, उष्णतेत त्यांचा फॉस्जीन हा विषारी वायू होतो. थोडासाही जिवावर बेतू शकतो. डब्यावरचं लेबल वाचून खात्री करत बसण्यापेक्षा तो डबा वेल्डिंगच्या खोलीत आणूच नये.

जुन्या इंजिनाचं ओतीव कव्हर असेल तर वेगळी मेहनत आहे. त्याने वर्षानुवर्षं तेल प्यायलेलं असतं. मी भेगेवर एक हलका पास मारते, तेल उकळून वर येतं, ते खरवडून काढते, पुन्हा मारते. तीन-चार वेळा असं केल्यावर कुठे स्वच्छ धातू लागतो.

6061 च्या नळीचा ब्रॅकेट उत्तम वेल्ड करून घेतला. वजन टाकल्यावर वेल्ड शाबूत राहिला, पण त्याच्या शेजारची नळीच वाकली. माल खोटा होता का?

माल बहुधा खरा होता. हे मी स्वतः भोगलेलं आहे. कामाच्या तिसऱ्या वर्षी एका मोठ्या यंत्राच्या हाताचा आधार मी बनवला होता. वेल्ड इतका सुरेख उतरला होता की तो पुसून दाखवावासा वाटत होता. पहिल्याच भाराला तो वेल्डपासून बोटभर अंतरावर दुमडला. माझ्या उस्तादांनी तुकडा हातात घेतला आणि विचारलं, “याच्या नावापुढे काय लिहिलं होतं?” टी-6 लिहिलं होतं. त्या दोन अक्षरांचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

6061 ही मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असलेली मिश्रधातू. तिची ताकद उष्णतोपचारातून येते. आधी तिला सुमारे 530 अंशांवर ठेवून मिश्रणातले घटक धातूत विरघळवतात, मग पाण्यात झटकन थंड करतात, आणि नंतर 160 ते 175 अंशांवर काही तास ठेवतात. त्या तासांत मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण धातूभर उगवतात, आणि त्यांच्यामुळे धातूचे थर एकमेकांवरून सहज घसरत नाहीत. हीच टी-6 अवस्था. जर्मन धातुतज्ज्ञ आल्फ्रेड विल्म यांना 1906 च्या सुमारास हा गुण प्रथम सापडला. तांबं आणि मॅग्नेशियम घातलेलं अ‍ॅल्युमिनियम तापवून, बुडवून ठेवून दिलं, तर काही दिवसांनी ते आपोआप अधिक कठीण झालेलं आढळलं. ड्युरॅल्युमिन ते हेच. विमानांचं सगळं शरीर पुढे त्यावर उभं राहिलं.

आता वेल्ड काय करतो ते बघा. सांध्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे बोटभर पट्टा इतका तापतो की ते सूक्ष्म कण एकत्र येऊन मोठे होतात किंवा पुन्हा विरघळतात. 6061 टी-6 ची ताणशक्ती सुमारे 310 मेगापास्कल असते. वेल्डनंतर त्या पट्ट्यात ती 165 च्या आसपास धरून चालायचं. म्हणजे जवळजवळ निम्मी, आणि हे चांगल्या वेल्डरच्या हातूनसुद्धा. तुमचा वेल्डर दोषी नाही. आराखडा करणाऱ्याने हा पट्टा मोजलेला नव्हता.

उपाय तीन. सांधा जिथे ताण कमी आहे तिथे न्या. त्या भागात नळीची जाडी वाढवा, किंवा कोपऱ्यात त्रिकोणी पट्टी द्या, पण तिची वेल्ड सगळ्यात जास्त वाकणाऱ्या रेषेवर आडवी येऊ देऊ नका. किंवा वेल्ड झाल्यावर सगळा जॉब पुन्हा उष्णतोपचाराला पाठवा. मोठ्या फ्रेमला हे महाग पडतं, आणि बुडवताना ती पिळवटते. वेल्ड करूनच वापरायचं हे आधीपासून ठरलेलं असेल, तर 5083 किंवा 5086 सारखी मॅग्नेशियमवाली निवडा. त्यांची ताकद अशा उष्णतोपचारावर अवलंबून नसते, म्हणून वेल्डने फार कमी जाते. जहाजबांधणीत त्या म्हणूनच चालतात.

याच पत्रात तुम्ही विचारलं आहे की स्टीलच्या नळीएवढीच जाडी घेतली तर चालेल का. नाही. वजन एक तृतीयांश होतं, पण ताठपणाही एक तृतीयांशच होतो. स्टीलचा लवचीकता गुणांक सुमारे 200 गिगापास्कल आहे, अ‍ॅल्युमिनियमचा 70. त्याच मापाची नळी तिप्पट लवेल. जाडी वाढवण्याआधी व्यास वाढवा. ताठपणा व्यासाबरोबर फार झपाट्याने वाढतो. अ‍ॅल्युमिनियमच्या सायकलींच्या नळ्या जाड दिसतात त्या याचमुळे.

फिलरची कांडी 4043 घेऊ की 5356? दुकानदार म्हणतो कुठलीही घ्या.

कुठलीही घेऊ नका. 4043 मध्ये सुमारे 5 टक्के सिलिकॉन आहे. ती पाण्यासारखी वाहते, भेग पडू देत नाही, ओतीव भागांना आणि 6061 ला छान बसते. 5356 मध्ये सुमारे 5 टक्के मॅग्नेशियम. ती अधिक मजबूत आणि चिवट, मिगच्या तारेत ताठ असल्याने रोलरमधून गुंता न करता जाते. जॉब अ‍ॅनोडाइझ होणार (विजेने ऑक्साइडचा जाड थर चढवला जाणार) असेल तर 5356 च घ्या, कारण 4043 चा वेल्ड अ‍ॅनोडाइझमध्ये काळपट राखाडी होतो आणि मग काही करता येत नाही. उलट जो भाग सतत 65 अंशांच्या वर तापत राहणार, तिथे 5356 टाळा, कालांतराने ताणाखाली गंजून तडे जातात. 5083 ला 4043 लावू नका, सांधा ठिसूळ होतो.

6061 च्या कडा फिलर न घालता नुसत्या वितळवून जोडण्याचा मोहही आवरा. थिजताना अ‍ॅल्युमिनियम आकारमानाने सुमारे 6 टक्के आक्रसतं, आणि या मिश्रणात शेवटपर्यंत द्रव राहिलेली पातळ रेघ ते ओढणं सोसू शकत नाही. मधोमध उभी भेग जाते. वेल्ड संपवताना खड्ड्यात ताऱ्यासारखी भेग येते तिचंही कारण हेच. आर्क तोडू नका. करंट हळूहळू उतरवा आणि उतरवताना दोन थेंब जादा द्या.

2024 आणि 7075 या मिश्रधातू घेऊन कुणी आलं तर मी आर्क वेल्डिंगला सरळ नाही म्हणते. वेल्ड झालेला दिसतो आणि नंतर तडकतो. भार घेणाऱ्या भागावर असा जोड देणं मला मान्य नाही.

मग विमानात एवढे रिव्हेट का, याचं उत्तर हेच का?

मोठं कारण हेच. 2024 आणि 7075 या विमानांच्या आवडत्या मिश्रधातू आर्कने नीट जोडल्या जात नाहीत, आणि जोडल्या तरी ताकद जाते. रिव्हेटला उष्णता लागत नाही. शिवाय पत्र्यातली भेग दुसऱ्या पत्र्यात आपोआप शिरत नाही.

2024 च्या रिव्हेटची गोष्ट मला फार आवडते. ते उष्णतोपचारानंतर मऊ असतात, पण साध्या हवेत ठेवले की विल्म यांच्या तुकड्यासारखे आपणहून कठीण होत जातात. म्हणून ते फ्रीझरमध्ये ठेवतात, बाहेर काढल्यावर काही मिनिटांतच ठोकतात, आणि पुढचं कठीण होणं विमानातच पूर्ण होतं.

1991 मध्ये इंग्लंडमधल्या द वेल्डिंग इन्स्टिट्यूटने फ्रिक्शन स्टिर वेल्डिंग शोधलं. फिरणारी पिन सांध्यात खुपसून धातू न वितळवता, मऊ करून, घुसळून एकत्र करायचा. वितळणंच नाही, म्हणून भेगही नाही आणि हायड्रोजनची छिद्रंही नाहीत. रॉकेटच्या इंधनटाक्या आज अशा जोडतात.

वेल्डिंग मशीन नाही. गॅसच्या टॉर्चने वितळणाऱ्या कांड्या मिळतात, त्या खऱ्या का? आणि इपॉक्सी?

त्या कांड्या जस्ताच्या असतात, अ‍ॅल्युमिनियमच्या बऱ्याच आधी वितळतात. त्यांनी जोड होतो, पण कातडी तिथेही आहेच. जॉब इतका तापवायचा की कांडी जॉबच्या उष्णतेने वितळेल, ज्योतीने नाही. मग वितळलेल्या थराखाली स्टेनलेसच्या सळीने खरवडायचं, म्हणजे हवा न लागता उघडा धातू भेटतो. गळणारं झाकण, तुटलेला कान, इथवर ठीक. चाक, शिडी, दाबाची टाकी यांवर कधीही नको. आणि एकदा जस्त लावलंत की तो सांधा पुढे टिगवर नीट होत नाही, जस्त उकळून धूर होतो. मशीनवाल्याकडे नेण्याचा विचार असेल तर कांडी लावण्याआधी न्या.

फ्लक्स (कातडी काढणारं रसायन) घालून 12 टक्के सिलिकॉनच्या फिलरने ब्रेझिंग करणं, म्हणजे जॉब न वितळवता फक्त फिलर वितळवून जोडणं, यापेक्षा मजबूत. पण तो फिलर 580 अंशांजवळ वितळतो आणि 6061 स्वतःच त्याच सुमारास मऊ पडायला लागते. उरलेला फ्लक्स गरम पाण्याने घासून धुतला नाही, तर तोच पुढे धातू खातो.

इपॉक्सीला कमी लेखू नका. 1996 ची लोटस एलिस मोटार अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या इपॉक्सीने चिकटवलेल्या सांगाड्यावर उभी आहे. तयारी मात्र वेल्डिंगएवढीच काटेकोर हवी. अ‍ॅसिटोन, मग खडबडीत सँडपेपर, पुन्हा अ‍ॅसिटोन. मी तर ओलं इपॉक्सी लावून त्यातूनच सँडपेपर फिरवते, म्हणजे उघडलेल्या धातूला हवेच्या आधी गोंद भेटतो. आणि सांधा एकमेकांवर रुंद चढवा, कडेला कड लावू नका. इपॉक्सी घसरण्याचा ताण सोसतं, सोलून काढण्याचा सोसत नाही.

अ‍ॅल्युमिनियमच्या रेलिंगला स्टेनलेसचे स्क्रू आहेत. स्क्रूभोवती पांढरी पूड येते.

दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल, म्हणजे छोटी बॅटरीच. त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं, स्टेनलेस तसंच राहतं. स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर आणि दांड्याभोवती बाही द्या, भोकात सीलंट भरा, पाणी साचू देऊ नका. मोठ्या अ‍ॅल्युमिनियमच्या भागात छोटा स्टेनलेसचा स्क्रू एकवेळ चालतो. मोठ्या स्टेनलेसच्या पत्र्यात छोटा अ‍ॅल्युमिनियमचा रिव्हेट कधीही नको, तो लवकर संपतो. आणि खुणा पेन्सिलने करू नका. शिशात ग्राफाइट असतं, आणि ओलीत तेही असंच वागतं.

स्टील थेट अ‍ॅल्युमिनियमला आर्कने वेल्ड होत नाही, मध्ये काचेसारखा ठिसूळ थर तयार होतो. जहाजांत स्फोटाने एकमेकांवर बसवलेली दुहेरी पट्टी वापरतात. एका बाजूला स्टील, दुसऱ्या बाजूला अ‍ॅल्युमिनियम, आणि प्रत्येकाला आपल्या जातीचा वेल्ड.

अ‍ॅल्युमिनियमची वायर तांब्याच्या वायरला पिळून टेप गुंडाळली तर?

करू नका. वायर वाईट नसते, विजेच्या उंच तारा अ‍ॅल्युमिनियमच्याच असतात. तांब्याच्या 61 टक्के वाहकता, पण वजनामागे दुप्पट. सांधा मात्र हळूहळू बिघडतो. कातडी वीज अडवते, तापल्यावर धातू जास्त फुगतो, आणि स्क्रूखाली दबून सावकाश सरकतो, मग जोड सैल होतो आणि अधिक तापतो. अमेरिकेत 1965 ते 1973 दरम्यान अनेक घरांत अ‍ॅल्युमिनियमची वायरिंग झाली आणि सांध्यांवर आगी लागल्या. दोन्ही धातूंसाठी बनवलेला कनेक्टर आणि जॉइंटचं ग्रीस वापरून, जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

भंगारातलं गिअरबॉक्सचं कव्हर आहे. हलकं आहे, चुंबक चिकटत नाही. अ‍ॅल्युमिनियमच समजू ना?

एवढ्यावर समजू नका. ते मॅग्नेशियम असू शकतं, आणि त्याचा कीस ग्राइंडरच्या ठिणगीने पेट घेतो. त्यावर पाणी टाकलं तर आग भडकते. एका कोपऱ्यात कानशीने रंग काढा आणि उघड्या धातूवर व्हिनेगरचा थेंब ठेवा. बुडबुडे फसफसून आले तर मॅग्नेशियम. थेंब नुसता बसून राहिला तर अ‍ॅल्युमिनियम, आणि मग वर सांगितल्याप्रमाणे आधी अ‍ॅसिटोन घ्या.